स्मार्ट बोर्ड आला, प्रश्नपत्रिका तीच

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, प्रयोगशाळेत संगणक आहेत. प्रात्यक्षिक परीक्षेला मात्र मुलं कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, दहा-बारा आकड्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) काढतात आणि सुटतात. मग त्या महागड्या बोर्डावर आम्ही तरी काय करणार? खडूऐवजी स्टायलसने सूत्रं लिहितो.

यंदा एक प्रात्यक्षिक वेगळं घेतलं. ठाणे-वाशी लोकल किती मिनिटं उशिरा सुटली, याच्या नोंदी मुलांनीच आणल्या. त्या ‘आर’मध्ये भरल्या (हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, निविदा काढावी लागत नाही). प्रत्येकाने दहा नोंदींचा यादृच्छिक (चिठ्ठ्या उचलल्यासारखा) नमुना घेऊन त्याची सरासरी बोर्डावर ठिपक्याने मांडली. ठिपके विखुरले. ‘मॅडम, मग बरोबर कोणाचं?’ असं मागच्या बाकावरून आलं. नमुना चाळीसचा घेतला, तसे ठिपके जवळजवळ आले. नमुना चौपट, पसारा साधारण निम्मा. प्रमाण त्रुटीच्या, म्हणजे सरासरींच्या या पसाऱ्याच्या, सूत्रातलं नमुन्याच्या आकाराचं वर्गमूळ मुलांनीच ओळखलं.

नंतर मोबाइलवर कौल घेतला: पी-व्हॅल्यू ०.०३ आली, म्हणजे नल हायपॉथेसिस (‘काहीच फरक नाही’ असं गृहीतक) खरं असण्याची शक्यता ३ टक्के का? बहुतेकांचं उत्तर ‘हो’. शेजारच्याशी वाद घालायला लावलं, पुन्हा कौल घेतला, तेव्हा कुठे ‘नाही’चं पारडं जड झालं. पी-व्हॅल्यू म्हणजे नल हायपॉथेसिस खरं धरूनच काढलेली, असे किंवा याहून टोकाचे आकडे येण्याची शक्यता असते, हे व्याख्या पाठ असलेल्यांनाही तोवर उमगलं नव्हतं.

ही माझी हौस नव्हे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सक्रिय अध्ययनाच्या (मुलं स्वतः करून, चर्चा करून शिकतात अशा) वर्गांपेक्षा सुमारे दीडपट आढळलं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनची २०१६ची मार्गदर्शिकाही खरी आकडेवारी, सक्रिय अध्ययन आणि तंत्रज्ञान यांवरच भर देते.

अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, हे मला ठाऊक आहे. पण उपकरणांना सरकारी निधी देताना अट घालणं आपल्या हाती आहे. संख्याशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा संगणकावर, खऱ्या आकडेवारीवर होईल आणि निम्मे गुण निष्कर्ष साध्या मराठीत किंवा इंग्रजीत मांडण्याला असतील, एवढीच अट. शिवाय प्रशिक्षणात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही घ्या, आणि त्या दिवसांचं मानधन द्या. बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिकं तेच घेतात.

आपली,
ठाण्यातील एक प्राध्यापिका