किनाऱ्यावरचे दोन दिवस कमी कर

कोथरूड, पुणे
१५ नोव्हेंबर

चि. सौ. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

मॉरिशसला जायचं ठरलं हे ऐकून तुझे बाबा आणि मी फार खूश झालो. फोन आला तेव्हा तू वाकडच्या सिग्नलला अडकली होतीस आणि मागे सारखे हॉर्न वाजत होते, त्यामुळे सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

तू पाठवलेला कार्यक्रम दोनदा वाचला. नाताळपासून दोन जानेवारीपर्यंत सगळा मुक्काम किनाऱ्यावरच्या हॉटेलात, मधे एक दिवस बोटीतून बेटावर, आणि राजधानी पोर्ट लुई फक्त परतीच्या वाटेवर, तेही खरेदीपुरतं. मनू, एवढं बदल. किनाऱ्यावरचे दोन दिवस कमी कर आणि ते पोर्ट लुईत काढ. नुसतं जाऊन येऊ नका, तिथे मुक्काम करा. गेल्या डिसेंबरात आम्ही तसंच केलं होतं, आणि मॉरिशस म्हटलं की मला आजही आधी ते शहर आठवतं, मग समुद्र.

तारखा मात्र नीट बघ. पंचवीस डिसेंबरला सुट्टी, आणि एक व दोन जानेवारीला तर लागोपाठ दोन दिवस सगळं बंद. पोर्ट लुई हे कचेऱ्यांचं गाव आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे गेलात तर बंद शटरंच बघायला मिळतील. सव्वीस ते तीस या दिवसांत जा. तिथे नोकरदारांना डिसेंबरात जादा पगार मिळतो, आपल्याकडच्या दिवाळीच्या बोनससारखा. त्यामुळे वर्षाअखेरीला सगळा देश खरेदीला बाहेर पडलेला असतो. मंडईत पाय ठेवायला जागा नसते, पण ती गर्दी बघण्यासारखी आहे. फळवाल्यांकडे पानांसकट बांधलेले लिचीचे लालभडक घोस असतात. वटवाघळांनी खाऊ नये म्हणून तिथे लिचीच्या झाडांवर जाळ्या टाकतात, रस्त्याने जाताना पोरांना दाखव. आणि गुलमोहर! आपल्याकडे तो मे महिन्यात फुलतो, तिथे ऐन नाताळात. मूळचा तो शेजारच्या मादागास्करचाच. डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो, हे आधी माहीत असूनही तो फुललेला बघून मी रस्त्यात थांबलेच होते.

मंडईजवळ ढोलपुरीची गाडी दिसली की नाश्ता तिथेच करा. हॉटेलच्या बुफेत पोट भरून निघू नका. मी त्या बाईंचे हात बराच वेळ बघत उभी होते. शिजवून बारीक केलेली डाळ आत भरून इतक्या पातळ लाटलेल्या पोळ्या, की उजेडात धरल्या तर पलीकडचं दिसावं. मऊसूत, हळदीने पिवळ्या. गूळ न घातलेली पुरणपोळी समज. दोन-दोनची जोडीच देतात. वर मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी पसरायची, कागदात गुंडाळायची आणि हातात द्यायची. सगळं होईतो तुझ्या मागच्या माणसाने पैसे पुढे केलेले असतात. चटणी पोरांच्या पुरीला लावू देऊ नकोस, फार झणझणीत असते. डाळवड्यासारखे छोटे वडेही मिळतात, पावात घालून खातात. सासूबाईंना ते नक्की आवडतील. सगळं शाकाहारी असतं, त्यांना निर्धास्त खायला सांग.

आता मुख्य गोष्ट. बंदराला लागून आप्रवासी घाट आहे, हिंदुस्थानातून आणलेले मजूर उतरायचे ती जागा. तुमच्या कार्यक्रमात त्याचं नावही नाही, याचं मला वाईट वाटलं. १८३५ साली मॉरिशसमधली गुलामी संपणार हे आधीच ठरलं होतं आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात केली. ‘अॅटलस’ नावाचं जहाज २ नोव्हेंबर १८३४ ला लागलं, त्यातून उतरलेल्या मजुरांपासून हे सुरू झालं. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरात उतरली. बहुतेक बिहारकडची, बरीच तामिळ आणि तेलुगू, आणि मुंबईच्या बंदरातून गेलेली आपली कोकणातलीही. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी ते लोक अजून नाचतात. शाळेत मराठी शिकता येतं.

घाटावर फार काही उरलेलं नाही. दगडी भिंती, दवाखान्याचे अवशेष, आणि बंदरातून वर येणाऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकाची वहीत नोंद व्हायची, त्याला क्रमांक मिळायचा. पुढे पुढे फोटोही काढू लागले. शेजारच्या संग्रहालयात ते फोटो लावले आहेत. त्यातली एक बाई मी विसरू शकत नाही. नाकात फुली, कपाळ उघडं, नजर सरळ तुमच्याकडे. अंगावरचं लुगडं आपल्याकडच्याच कुणाचं वाटावं असं. तुझ्या पणजीच्या आईच्या वयाची असेल. शिकलेली नसणार, कुठे निघालोय हेही पुरतं कळलं नसेल, आणि तरी तिने ते सगळं निभावलं. तुझ्या मुलांनी तो चेहरा बघावा असं मला मनापासून वाटतं. तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. रविवार तेवढा टाळा.

तिथेच एक आजी भेटल्या. नातवाला घेऊन आल्या होत्या. बाबा मला मराठीत काहीतरी सांगत होते ते ऐकून जवळ आल्या. त्यांची बोली क्रिओल, मराठी अगदी मोडकं, पण गणपतीची आरती त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. एका जागी चूक झाली ती बाबांची झाली, त्यांची नाही. त्यांनी माझा हात धरून विचारलं, “गाव?” मी रत्नागिरीकडचं सांगितलं, तर त्या कितीतरी वेळ हात सोडेनात. किनाऱ्यावरच्या हॉटेलात अशी माणसं भेटायची नाहीत. तिथे आपण पाहुणे असतो आणि ती चहा आणून देतात, त्यांना थांबून गप्पा मारायला वेळ नसतो.

पोरांसाठीही शहरात पुष्कळ आहे. निसर्ग-संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. बंदराजवळच्या दुसऱ्या संग्रहालयात १८४७ सालची मॉरिशसची टपाल तिकिटं आहेत, एक लाल आणि एक निळं. उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून मूळ तिकिटांवर अगदी थोडा वेळच दिवा लावतात, एरवी प्रतिकृती बघायला मिळते. तिकीट घेतानाच दिव्याची वेळ विचारून ठेव. सातवीतल्या पोराला तो दिवा लागायची वाट बघणंच फार आवडेल. संध्याकाळी किल्ल्यावर जा. गाडी वरपर्यंत जाते, सासऱ्यांच्या गुडघ्यांना त्रास नाही. वरून सगळं बंदर आणि १८१२ पासूनचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान दिसतं.

उकाडा सोसावा लागेल, हे आधीच सांगते. मागच्या डोंगरांमुळे शहरात वारा कमी येतो. दुपारी अकरा ते तीन खोलीत राहा, सकाळी लवकर बाहेर पडा. सासूबाईंना सुती साड्याच घ्यायला सांग. वादळांचा मोसमही नोव्हेंबरापासून चालू असतो. तिथे सरकार एक ते चार असे इशारे देतं. तीन म्हणजे बाहेर पडायचंच नाही, मग पैसे भरलेली बोट असो की काही असो. औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर चार दिवसांची घ्या.

एकतीसची रात्र किनाऱ्यावर घालवा, त्याला माझी हरकत नाही. मध्यरात्री घरोघरी लाल फटाक्यांच्या माळा लावतात, तेव्हा धाकटीला जवळ घेऊन बस, ती आवाजाला घाबरते.

शहरातली खोली लवकर बघायला हवी, चांगली हॉटेलं मोजकीच आहेत. जावईबापूंशी आणि घरात बोल आणि पैसे भरायच्या आत, रात्री नऊनंतर मला फोन कर. बाबांनी गेल्या वर्षीच्या नकाशावर पेनाने खुणा करून ठेवल्या आहेत, तो रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई