निवडणूक पुढे गेली, म्हणून मीही

वाऊ, दक्षिण सुदान
19 ऑक्टोबर 2024

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई रडते, बाबा "बरं बरं" म्हणून फोन पुन्हा आईकडे देतात आणि तेवढ्यात लाइन जाते. म्हणून लिहिते आहे. दादाला हे मोठ्या अक्षरात छापून आणायला सांगितलंय. त्याला आधीच माहीत आहे. त्याच्यावर चिडू नका, मीच गप्प राहायला सांगितलं होतं.

मी आणखी एक वर्ष इथे थांबते आहे. सही केली.

जुलैमध्ये बाबांच्या खाटेशेजारी बसून मी म्हणाले होते, "निवडणूक झाली की कायमची येते." तेव्हा इथलं मतदान 22 डिसेंबर 2024 ला ठरलं होतं. गेल्या महिन्यात सरकारने ते पुढे ढकललं, 22 डिसेंबर 2026 वर. मी खोटं बोलले नाही, तारीखच खोटी निघाली. हे वाक्य आठवडाभर घोळवलंय आणि तरी ते मलाच सबबीसारखं वाटतंय. पण मी दोन वर्षं नाही मागितली, एकच.

तिकडे 20 नोव्हेंबरला मतदान. निवृत्त होऊनही बाबा मतदारयादी घेऊन ओट्यावर बसणार आणि कोण मेलं, कोण पुण्याला गेलं, कोणाचं नाव दोनदा आलं यावर सगळ्या गल्लीचं डोकं खाणार. इथे ती यादीच नाही, बाबा. देश 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला, त्यानंतर एकदाही निवडणूक नाही, एकदाही जनगणना नाही. शेवटची शिरगणती 2008 ची, म्हणजे देश जन्मायच्या आधीची. राज्यघटना अजून हंगामीच आहे. सुदानपासून वेगळं व्हायचं का, याचा कौल जानेवारी 2011 मध्ये घेतला तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. हातात हात म्हणजे एकत्र राहू, उघडा पंजा म्हणजे वेगळे होऊ. जवळजवळ नव्व्याण्णव टक्के लोकांनी पंजावर ठसा उमटवला. (तुम्ही आता काय बोलणार ते मला ऐकू येतंय. सरकारी नोकराने पक्षाबद्दल बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत.)

आणि अडीच वर्षांत राष्ट्राध्यक्ष आणि त्यांनी काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष यांची फौज एकमेकांवर उलटली. साल्वा कीर आणि रिएक मचार. जवळपास चार लाख माणसं गेली असा एक अंदाज आहे. 2018 मध्ये तह झाला, 2020 मध्ये दोघं पुन्हा एका सरकारात बसले. भाऊबंदकी तुम्हाला मी काय सांगू. बांधावरच्या त्या लिंबाच्या झाडापायी आपल्याकडे किती वर्षं कोणी कोणाच्या लग्नाला गेलं नाही?

आई, आता तुझे प्रश्न. मी लढाईत नाही. मी युनोच्या तळावर राहते, भोवती कुंपण, दारावर पहारा. खोली म्हणजे लोखंडी कंटेनर आहे, पण एसी आहे, मच्छरदाणी आहे, न्हाणीघर खोलीतच आहे. तळावर चिनी फौजी डॉक्टरांचा दवाखाना आहे. युनोच्या फौजेचा प्रमुख आपला माणूस आहे, लेफ्टनंट जनरल मोहन सुब्रमण्यन. त्यांच्या आधी तर आपले तिनईकर साहेब होते. जेवणाचं विचारशील तर इथे ज्वारी खातात! पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात. घावन आणि भाकरी यांच्या मधलं काहीतरी. पहिल्या दिवशी तो आंबूस वास आला आणि मला तुझी चूल आठवली. रडले नाही. थोडीशी.

बाबा, माझं काम काय, असं तुम्ही दर वेळी विचारता आणि मी दर वेळी "शांतता प्रक्रिया" म्हणून तुम्हाला गप्प करते. खरं सांगते. मी तुमचंच, तलाठ्याचं काम करते.

पाऊस संपला की तोंज आणि गोग्रियालकडचे डिंका जमातीचे गुराखी हजारो गुरं घेऊन पाण्यासाठी इकडे उतरतात. इथे लुओ जमातीच्या शेतकऱ्यांची ज्वारी आणि भुईमूग. पूर्वी आपल्या रानात धनगर मेंढ्या बसवायला यायचे, तसंच. फक्त धनगराच्या खांद्यावर घोंगडी असायची, यांच्या पोरांच्या खांद्यावर बंदूक असते. गुरं पिकात शिरली की माणसं मरतात. 2016 मध्ये मारियल बाई नावाच्या गावी (आई, गावाचं नाव आहे, बाई कोणी नाही) दोन्ही बाजूंनी करार केला. पीक निघाल्यावरच यायचं, विचारून यायचं, हत्यार आणायचं नाही, नुकसान झालं तर भरपाई द्यायची, पावसाआधी परत जायचं. पाच ओळींचा कायदा. पण भरपाई किती? रान कोणाचं? किती खाल्लं? तिथे गाडं अडतं.

मार्चमध्ये एका बाईचं रान गुरांनी साफ केलं. दोन्हीकडचे म्हातारे बांधावरून पावलं मोजत चालले. एक म्हणे चाळीस, एक म्हणे साठ. मला तुमच्या लुनाच्या मागे बसलेली मी दिसले, मांडीवर तांबड्या रुमालात बांधलेलं दप्तर. "घट्ट धर ठमे, यात अख्खं गाव आहे." गारपिटीनंतर तुम्ही रानात उभे राहून चतुःसीमा लिहून घ्यायचात, पंचांच्या सह्या-अंगठे घ्यायचात, आणि रात्रभर भांडलेली माणसं त्या एका कागदापाशी गप्प व्हायची. तो कागद इथे नाही. इथल्या कचेरीतल्या कारकुनाला कित्येक महिने पगार नाही, कारण देशाचं तेल सुदानमधून जाणाऱ्या नळाने बाहेर पडतं आणि तो नळ फेब्रुवारीत तिकडच्या युद्धात फुटला. तरी तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून येतो. त्याला सोडून कशी येऊ?

हे लिहिलं आणि लक्षात आलं, तुम्हाला सोडून मात्र आले. जुलैमध्ये मी तीन दिवस उशिरा पोचले. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "जेवलीस का?" ते अजून टोचतंय.

फेब्रुवारीत पंधरा दिवस येते आहे, तिकीट काढलंय, हे नक्की. बाबांच्या तपासणीला मीच नेणार. तोवर रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, "बरं वाटतंय" म्हणून तर मुळीच नाही. शिडीवर चढून आकाशकंदील लावायचा नाही, शेजारच्या पोराला सांगा. आई, तू फराळाच्या निमित्ताने चार तास पाटावर बसणार असशील तर वहिनी मला फोन करणार आहे. चकल्या विकत आणा. हो, विकतच्या. पुण्याला कायमचं जायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा. मी दादाची बाजू घेत नाही, पण हिवाळ्यापुरतं जायला काय हरकत आहे?

आणि बाबा, एक काम आहे. नवा मोसम सुरू व्हायच्या आत म्हाताऱ्यांची बैठक आहे. पीकनुकसानीच्या पंचनाम्याचा नमुना तुम्हाला तोंडपाठ आहे. तुमच्या अक्षरात लिहा, कोणतं कलम कशासाठी तेही बाजूला लिहा. शिक्क्याची जागा सोडा. दादा फोटो काढून पाठवेल. मी त्याचं इंग्रजी करेन, तो कारकून पुढे त्याच्या भाषेत करेल.

आई, ते लिहायला बसले की अर्ध्या तासाने उठव त्यांना.

तुमची,
ठमी