'सर्व प्रकारच्या बेडकांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष बेडूक-संच व त्यासोबतच्या चुकीच्या माहितीपत्रकाबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा बेडूक पाळण्याचा संपूर्ण संच मी विकत घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सर्व प्रकारच्या बेडकांसाठी' असं छापलेलं आहे. माझी मुख्य तक्रार याच ओळीबद्दल आहे. संचातल्या बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघाल्या आहेत.

सगळ्या बेडकांना चालेल असं घर असूच शकत नाही. माझ्याकडे व्हाइट्स ट्री फ्रॉग आहे. हा झाडावर राहणारा बेडूक असल्याने त्याला उंच टाकी आणि चढायला फांद्या लागतात. पॅकमन फ्रॉग ओलसर मातीत स्वतःला पुरून घेऊन बसतो. आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग सगळं आयुष्य पाण्यात काढतो आणि फक्त श्वास घ्यायला वर येतो. आपली टाकी बुटकी, आडवी आणि वरून काचेने पूर्ण बंद आहे. ती यांपैकी कोणासाठी बनवली, हे मला तरी सांगता येत नाही. माशांच्या टाकीचं सामान नव्या खोक्यात भरलं आहे, असंच ते पाहताना वाटतं.

सर्वांत गंभीर बाब पाण्याची. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. पाण्यात जे मिसळलेलं असेल ते थेट त्याच्या शरीरात जातं. आपल्या माहितीपत्रकात मात्र 'नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरावं' एवढंच लिहिलं आहे. रात्रभर ठेवल्याने क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातो, पण अनेक ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) घालतात आणि तो असा उडत नाही. संचातल्या छोट्या बाटलीतला द्राव त्यासाठी असेल असं समजून मी तिचं लेबल वाचलं. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत तो क्लोरीनसाठी असल्याचं नमूद आहे, क्लोरामाइनचा उल्लेखही नाही. त्याच पत्रकात पुढे 'अधिक शुद्धतेसाठी डिस्टिल्ड पाणी' सुचवलं आहे. त्या पाण्यात क्षार नसतात. बेडकाला कायम तेच दिलं तर त्याच्या शरीरातला क्षारांचा तोल बिघडतो. आणि 'पाणी गढूळ दिसल्यावर बदलावं' हा सल्ला तर बेडकाच्या जिवावर बेतणारा आहे. बेडूक त्याच भांड्यात विष्ठा करतो, तिच्यातून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. भांडं रोज घासून, साबणाचा अंश न ठेवता, पाणी बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट तळाच्या रंगीत खड्यांची. झाडबेडूक भक्ष्यावर झेप घेतो तेव्हा चिकट जिभेला जे लागेल ते सगळं तोंडात जातं. माझ्या बेडकाने नाकतोड्यावर झेप घेतली आणि त्यासोबत एक निळा खडाही गिळला. गिळताना बेडूक डोळे मिटून आत ओढतो, त्याने घास खाली सरकायला मदत होते. या वेळी तो पुन्हा पुन्हा डोळे आत ओढत होता आणि पुढच्या पायांनी तोंड पुसत होता. नंतर त्याने खाणं सोडलं. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला, त्यात खडा स्पष्ट दिसला. सुदैवाने तो शस्त्रक्रियेविना बाहेर पडला, पण आतडं तुंबून बेडूक दगावू शकतो. बेडकाच्या तोंडात मावेल असा खडा त्याच्या टाकीत नसावा, एवढी साधी काळजी संच बनवणाऱ्याने घ्यायला हवी होती.

गरम करण्याची चटई आपण तळाखाली चिकटवायला सांगता. रानात उन्हाचा ताप वाढला की बेडूक गारव्यासाठी जमिनीत शिरतो. इथे खाली गेल्यावर त्याला अधिक ताप मिळणार आणि पोटाची नाजूक कातडी भाजणार. चटई बाजूच्या काचेला, तीही थर्मोस्टॅटसह लावायला हवी, म्हणजे टाकीचं एक टोक गार राहतं. संचात थर्मोस्टॅट नाही. आर्द्रतामापक आहे, पण त्याचा काटा पाणी फवारण्यापूर्वी आणि फवारल्यावर एकाच जागी असतो. त्यात झाकणाला जाळी नाही. हवा न खेळणाऱ्या कोंदट टाकीत बेडकांना जंतुसंसर्ग लवकर होतो.

खाद्य म्हणून दिलेल्या सुक्या किड्यांकडे माझ्या बेडकाने ढुंकूनही पाहिलं नाही, कारण तो हलणारं भक्ष्यच ओळखतो. जिवंत नाकतोडे दिले तरी त्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस बराच जास्त असतो. त्यामुळे त्यांना कॅल्शियम आणि जीवनसत्त्व डी३ ची पूड लावून द्यावं लागतं, नाहीतर बेडकाची हाडं मऊ पडतात, जबडा ढिला होतो. 'संपूर्ण' म्हणवणाऱ्या संचात ही पूड नाही आणि पत्रकात तिचं नावही नाही.

हे सगळं मी आपल्या ग्राहक सेवेला छायाचित्रांसह कळवलं होतं. उत्तरात मला माशांच्या टाकीचा फिल्टर कसा साफ करावा याच्या सूचना आल्या. मला याचा मनापासून राग आला. बेडूक आजारी पडला तरी आवाज करत नाही, त्याचं दुखणं फार उशिरा दिसतं. पहिल्यांदाच बेडूक पाळणारा माणूस आपल्या पत्रकावर विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाची किंमत तो जीव मोजतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा: संचाची पूर्ण किंमत आणि पशुवैद्यकीय उपचारांचा खर्च मला परत मिळावा. खोक्यावरचा 'सर्व प्रकारच्या बेडकांसाठी' हा दावा काढून, संच नेमका कोणत्या जातीसाठी आहे ते छापावं. खडे संचातून ताबडतोब वगळावेत. पाण्याबद्दलचा मजकूर उभयचर प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्यांकडून नव्याने लिहून घ्यावा. आणि ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांना खडे व चटईबद्दल आपण स्वतःहून सूचना द्यावी. या शेवटच्या मागणीची वाट पाहायला वेळ नाही, तेव्हा तिची अंमलबजावणी सर्वांत आधी व्हावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल करेन.

सोबत: खरेदीची पावती, एक्स-रेची प्रत, बाटलीच्या लेबलचं आणि माहितीपत्रकाचं छायाचित्र.

आपला,
एक ग्राहक