शाकाहारी आहात, पण भाजी किती खाता?

संपादक साहेब, नमस्कार,

कॅन्सर टाळायला काय खावं यावर तुमच्या पेपरात अधूनमधून छापून येतं ते मी नेमाने वाचते, पण त्यात ब्रोकोली, ब्लूबेरी, अ‍ॅवोकाडो असलंच असतं आणि भाव विचारला की हात मागे घ्यावा लागतो, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता तब्येत बरी आहे. पण तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, अहो तुम्ही तर प्युअर व्हेज, दारू नाही तंबाखू नाही, तुम्हाला कसा झाला? मलाही तेच वाटायचं. मग डॉक्टरांनी विचारलं भाजी किती खाता, मी म्हटलं भरपूर, दोन्ही वेळेला असतेच. ते म्हणाले एकदा वजन करून बघा.

घरी येऊन खरंच काट्यावर ठेवली. चौघांत दोन्ही वेळची मिळून पाऊण किलो, त्यात निम्मे बटाटे! जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या हव्यात आणि त्यात बटाटा धरायचाच नाही, म्हणजे आमच्या वाट्याला शंभर ग्रॅमसुद्धा येत नव्हती, फळ तर कोणी आजारी पडलं तरच. सकाळी सेवउसळ, तीही पाव आणि वर मूठभर शेव घालून, रविवारी फाफडा, दुपारी चहाबरोबर खारी, रात्री खिचडी पापड लोणचं. मांस कुठेच नाही, पण भाजी तरी कुठे आहे? कोशिंबीर ताटात डाव्या बाजूला चमचाभर, नैवेद्य दाखवल्यासारखी.

ह्यांना त्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत, वय असतं, घराण्यात असतं, बरीच कारणं असतात. पण भाज्या आणि धान्यांतलं फायबर, म्हणजे चोथा, पोटात गेलं की या कॅन्सरचा धोका कमी होतो हे त्यांनी नीट समजावलं, आतड्यातले चांगले जिवाणू त्याच्यावर जगतात आणि त्यातून जे तयार होतं ते आतड्याच्या अस्तराला पोसतं. मैद्यात फायबर फारच कमी असतं.

आता कोशिंबीर वाडगाभर होते. थंडीत खंडेराव मार्केटमधून मोगरी, म्हणजे मुळ्याच्या कोवळ्या शेंगा, आणते, बारीक चिरून दह्यात, मुळा पाल्यासकट, सुरती पापडीच्या शेंगा, तुरीचे लीलवे म्हणजे ओले दाणे, आणि रात्री बाजरीचा रोटला. पहिला महिना घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होती, आता ह्यांनाच मोगरी नसली तर चालत नाही.

आणखी एक, जेवणं झाली की सुपारीचा डबा फिरतो, गोड सुपारी तर पोरांच्या हातावरही ठेवतात, का तर तंबाखू नाही त्यात. अहो, नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने वीस वर्षांपूर्वीच तिला तंबाखूच्याच गटात टाकलंय. कृपा करून हे मोठ्या अक्षरात छापा.

आणि पाककृतीच्या पानावर आपल्या बाजारातल्या भाज्या द्या, माणशी किती ग्रॅम तेही लिहा. गणपतीत मंडळांनी महाप्रसादाला पुरी-बटाट्याबरोबर पळीभर कोशिंबीर वाढावी अशी माझी फार इच्छा आहे, चिरायला मी येईन, आमच्या सोसायटीतल्या अजून चौघीजणी तयार आहेत.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा