पायवाटेवर खुणा रंगवायला असा कितीसा खर्च येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्या बेळगावात सगळ्यांचे ट्रेकचे फोटो सुरू होतात बघा, आणि त्यातले निम्मे तरी गाडी पार्क केल्यावर दहा मिनिटांच्या आतले असतात. राजहंसगडावर तर गाडी पार वरपर्यंत जाते, मग चालायचं काय राहिलं? म्हटलं या निमित्तानं एक लिहावं.

भाची नोकरीला इस्तंबूलला होती तेव्हा तिच्यासोबत लिशियन वे नावाच्या वाटेवर चालून आलो. (आता तुर्कस्तान म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते राजकारण तूर्त बाजूला ठेवूया.) भूमध्य समुद्राच्या कडेनं फेतियेपासून अंताल्यापर्यंत साधारण ५४० किमीची ही वाट. केट क्लो नावाच्या तिथं राहणाऱ्या ब्रिटिश बाईंनी जुने रोमन रस्ते, खेचरांच्या वाटा, धनगरांच्या वाटा एकाला एक जोडत नेल्या आणि १९९९ मध्ये ती चालणाऱ्यांना खुली झाली. नवीन असं जवळपास काही बांधलेलंच नाही, हे मला जास्त आवडलं.

आमचा सगळ्यात लांबचा दिवस काबाक ते गेय. उजाडायला समुद्राकाठून निघालो ते अलिंजा गावापर्यंत नुसता चढ, जवळजवळ सातशे मीटर, पाइनचं जंगल, पायाखाली चुनखडीचे सुटे दगड, घोटा मुरगळेल म्हणून नजर खालीच. पण चुकायची भीती वाटली नाही ती खुणांमुळं. दगडावर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर दोन पट्टे, एक पांढरा एक लाल, तळहाताएवढे. एक मागं पडला की थोड्या वेळात पुढचा दिसतोच. वळण असलं की पट्टा वाकवलेला, आणि भलत्या वाटेच्या तोंडाशी लाल फुली. बस्स, एवढंच. बोर्ड नाही, फ्लेक्स नाही, कुणाचा फोटो नाही!

अलिंजाच्या पुढं उजव्या हाताला खाली समुद्र आणि डावीकडं डोंगर, मध्येच निळ्या मधाच्या पेट्या, शेळ्यांच्या घंटा. तिथल्या डोंगरात उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून जुन्या लोकांनी पावसाचं पाणी साठवायला दगडी घुमटांची टाकी बांधून ठेवलीत. तसल्या एकाच्या तोंडाशी दोरीला तेलाचा पत्र्याचा डबा बांधलेला होता. पाणी गार, वर पाला तरंगत होता, रुमालातून गाळलं, क्लोरीनची गोळी टाकली आणि अर्धा तास एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. गेयमध्ये पोचलो तर एका मावशींनी अंगणात बसवलं, लांब बारीक लाटण्यानं पोळी लाटून उलट्या कढईसारख्या तव्यावर टाकली, आत चीज आणि पालक, सोबत ताक. आपल्या मांड्यांची आठवण झाली की हो, फक्त गोड नाही. रात्री त्यांच्याच घरी मुक्काम. मावशींना त्याचे पैसे मिळाले, आम्हाला जेवण आणि अंथरूण मिळालं.

आता मुद्दा. आपल्याकडं काय कमी आहे? उचगावहून देवरवाडीचं वैजनाथ मंदिर, महिपालगड (गडाच्या आतच गाव), पुढं कलानंदीगड आणि पारगड, जिथं शिवरायांनी ठेवलेल्या मावळ्यांचे वंशज आजही राहतात. ही गावं एकमेकांना चालतच तर जोडलेली होती. लग्नाला, जत्रेला, बाजाराला माणसं त्या वाटांनीच जायची. चालायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, आषाढीला आपल्या भागातून दिंड्या पायीच पंढरपूरला जातात. पण गाड्या आल्या, वाटांवर झुडपं आली, आणि आत्ताच्या पोरांना मोबाईलवर जो डांबरी रस्ता दिसतो तेवढाच रस्ता वाटतो.

अडचण एवढीच की निम्मी वाट कर्नाटकात निम्मी महाराष्ट्रात, त्यामुळं कुठल्या ऑफिसात गेलं तरी ते आमच्यात येत नाही म्हणणार. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा दोन्हीकडच्या ग्रामपंचायती आणि ट्रेकिंग ग्रुपनी मिळून उचगाव ते महिपालगड हा पहिला तुकडा तरी करावा. दोन डबे ऑइल पेंट आणि दोन-तीन रविवार लागतील. वनखात्याची हद्द येईल तिथं परवानगी घ्यायची, भीमगड अभयारण्याच्या बाजूला तर जायचंच नाही, चंदगड भागात हत्ती आणि गवे फिरतात म्हणून वाट गावाजवळून न्यायची आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. पावसाळ्यात बंद. गावातल्या चार घरांनी भाकरी, रताळी, ताक एवढं ठेवलं तरी चालणारा खूश.

त्याआधी जुन्या वाटा नेमक्या कुठून जायच्या ते कळायला पाहिजे. उचगाव, शिनोळी, देवरवाडी भागातल्या ज्या आजी-आजोबांनी त्या पायी तुडवल्यात त्यांनी तुमच्या पेपरला लिहून कळवावं, किंवा नातवाला लिहायला सांगावं, आणि तुम्ही ते छापावं ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, बेळगाव