अंगणातला मृग

पुणे, ४ जानेवारी

ती. आई-बाबा,
सा. न.

चिऊचा पुढचा दात पडला. आजोबांना दाखवायला डबीत जपून ठेवलाय. दादा-वहिनी संक्रांतीला थेट ओतूरला येतायत, आम्ही त्यानंतरच्या शनिवारी. आई, गुडघ्याचे व्यायाम सांगितलेत तेवढेच कर आणि जिना टाळ.

बाबा, तुमचे मृग नक्षत्राचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. पहिल्यात सगळे तारे एकाच दिशेला, सारख्याच लांबीने ओढले गेलेत. ट्रायपॉड हललेला नाही, पृथ्वी फिरली. ५० मिमी लेन्स आणि तुमचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, या जोडीवर मृगातला तारा सेकंदाला साधारण एक पिक्सेल सरकतो. तुम्ही ८ सेकंद शटर उघडं ठेवलंत, म्हणून आठ पिक्सेलची रेघ. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते काढायला ५०० ला फोकल लेंथने भागायचा नियम जुना आहे, आजच्या सेन्सरला तो फार ढिला पडतो. अडीच सेकंदांवर या.

दुसऱ्यात तारे गोल आहेत पण फुगलेले. हा फोकस. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध दहापट मोठा करा आणि रिंग मागे-पुढे करत तो सगळ्यात बारीक ठिपका होईल तिथे थांबा. मग रिंगला चिकटपट्टी. रात्र गार होत जाते तसा फोकस किंचित सरकतो, तासाभराने पुन्हा बघायचं.

तिसऱ्यात मधले तारे छान, कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेत. लेन्स एफ/१.८ वर पूर्ण उघडी होती, एफ/२.८ केलंत की बरेचसे जातील.

अडीच सेकंदांत मृगातला तेजोमेघ, म्हणजे तो चमकता वायूचा ढग, कसा दिसणार, असं वाटेल. एका फोटोत नाहीच दिसणार, फक्त धूसर डाग येईल. म्हणून चारशे काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. १६ फोटो रचले की खरखर (फोटोतले नको असलेले बारीक ठिपके) चौथ्या हिश्शावर येते, १०० रचले की दहाव्या, ४०० ला विसाव्या. आयएसओ १६००, फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल), पांढऱ्या रंगाचा समतोल ठरावीक, इंटरव्हॅलोमीटरवर (ठरल्या वेळाने आपोआप फोटो काढणारं बटण) दोन फोटोंत दोन सेकंदांची उसंत. सगळं अर्ध्या तासात उरकतं. दर शंभर फोटोंनंतर बाण (मृगातले ओळीतले तीन तारे) पुन्हा चौकटीच्या मध्यावर आणा. ३२ जीबीचं कार्ड पुरेल.

जानेवारीच्या मध्याला मृग साडेदहाच्या सुमारास सगळ्यात उंच, दक्षिणेला ६५ अंशांवर असतो. नारायणगावच्या उजेडाच्या पुष्कळ वर. दर दिवशी तो चार मिनिटं आधी तिथे पोचतो, म्हणजे फेब्रुवारीत जागरणाची गरजच नाही. अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस धरा. गच्चीवर नको: स्लॅब दिवसभराची ऊब सोडत राहतो आणि पावलागणिक थरथरतो. अंगणात, गोठ्याच्या भिंतीआड. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका.

शेवटी, कॅमेरा बाहेरच असताना, झाकण लावून त्याच सेटिंगवर तीस फोटो घ्या, सेन्सरचे स्वतःचे ठिपके त्यावरून वजा करता येतात. घरात आणून घेतले तर सेन्सर गरम होतो आणि ते निरुपयोगी. सकाळी फोकस आणि ॲपर्चर न हलवता, लेन्सवर धुतलेलं पांढरं धोतर दुहेरी, सुरकुती न पडता ताणून, उजळत्या आभाळाचे पंचवीस. त्यानेच कोपऱ्यातला अंधार आणि धुळीचे डाग जातात. रचणीची सॉफ्टवेअर, सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट आहेत. पहिली रचणी आपण मिळून करू.

तुमच्याकडे खरा शत्रू दव. ऊसपट्टा, नदी, थंडी. अकरानंतर तारे हळूहळू मंद होऊ लागले तर ढग शोधू नका, लेन्सवर टॉर्च मारा. कापडाने पुसू नका, फराटे उमटतात. पाच व्होल्टची हीटर पट्टी आणतेय. हुडच्या मागे गुंडाळून पॉवर बँकेला जोडायची, फोकस रिंगला लागू न देता. आणि आत नेण्याआधी कॅमेरा अंगणातच प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर उबेत आल्याबरोबर आतून घाम धरतो.

तेजोमेघाचा लाल रंग फिका येईल, कारण कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश बराचसा अडवतो. तो काढून घ्यायचा विचार सोडा. चिऊचे सगळे फोटो तांबडे येतील.

आई, मृग-रोहिणी-कृत्तिका तुला तोंडपाठ आहेत, तेव्हा चौकट तूच जुळव. वहीत वेळ, शटर आणि दव कधी धरलं ते लिही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना पाहता येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि तुमच्यापासून इतक्या जवळ! बहुतेक वेळ उन्हात उभं राहावं लागतं, टोपी आणि आईसाठी घडीची खुर्ची घ्या. पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाला मात्र संध्याकाळी गेलात तर अंधाराआधी परता. बिबट्याचा भाग आहे. अंगणातही उसाच्या बाजूला खाली बसून ट्रायपॉड जुळवू नका. उभं राहून, दोघांनी मिळून, रेडिओ लावून. बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो.

येताना चिकटपट्टी, हीटर पट्टी आणि मोठं कार्ड आणते. तोवर अडीच सेकंदांचे वीसच काढून पाठवा, रॉ फाइलच हवी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला तर दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुमची,
ताई