ताई, ती हाक माझी होती असं तू म्हणालीस

प्रिय ताई,

तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण पत्र मात्र उघड लिहितेय, कारण तू जे केलंस तेही सगळ्यांसमोर केलंस.

मॅच एका पॉइंटनं गेली. शेवटचे काही सेकंद, बॉल त्यांच्याकडं, आणि बॉल घेऊन येणाऱ्या मुलीला मी धरलेलं, म्हणजे तिला अडवायचं काम माझं. तेवढ्यात तू जिच्यावर होतीस ती येऊन माझ्या उजव्या खांद्यामागं उभी राहिली. ती मला दिसणं शक्यच नव्हतं. मी सरकले ती थेट तिच्या अंगावर, आणि बॉलवाली मोकळी सुटली. ले-अप, लगेच हॉर्न. बघणाऱ्यांना एवढंच दिसलं की मी धरलेली मुलगी सुटली.

बेंचवर मॅनेजर सर माझ्याकडं बघून बोलायला लागले. पुढं काय येणार ते मला पाठ होतं. शाळेत असताना जिल्ह्याच्या टीमकडून खेळले, तेव्हाही शेवटी असाच एक बास्केट बसला होता. बाबा शेतातलं काम टाकून एसटीनं मॅच बघायला आले होते. टीमसोबतच्या जबाबदार माणसानं त्यांच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या पोरीनं घालवली." बाबा काही बोलले नाहीत. परतीच्या प्रवासात त्यांनी मला खिडकीची जागा दिली, तेवढंच. ती माणसं जिंकल्यावर फोटोत पहिल्या रांगेत, हारासकट. हरलं की बोट दाखवायला एक पोरगी शोधायची, ती सापडली की यांचं काम संपलं. सराव कुणी घेतला नाही, डिफेन्स कुणी शिकवला नाही, हे कुणी विचारत नाही. मला त्यांचा राग अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही.

म्हणून त्या दिवशी मी मान खाली घालून बसले होते. तू घोट्याची पट्टी सोडत होतीस. अर्धी सुटलेली पट्टी तशीच लोंबत ठेवून तू उभी राहिलीस, शाळेत करतात तसा हात वर केलास आणि म्हणालीस, "तिला कशाला बोलायलाव, सर? स्क्रीनची हाक माझी होती. मी दिली नाही."

एवढंच. मग खाली बसून उरलेली पट्टी काढायला लागलीस.

बास्केटबॉल न खेळलेल्यांना हे किती मोठं आहे ते कळावं म्हणून थोडं सांगते. बॉलवालीला धरणारीची नजर बॉलवर असते, तिला पाठीमागचं दिसत नाही. स्क्रीन लावायला, म्हणजे तिची वाट अडवून उभं राहायला, येणाऱ्या मुलीवर जी असते, तिनं ओरडून सांगायचं असतं, "उजवीकडं स्क्रीन!" आपल्याकडं पोरींचा खेळ म्हणजे खो-खो. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या औसा तालुक्यातल्या गावातही आनंद झाला होता. मीही खो-खोतूनच आले. तिथं पाठीला हात लावून, मोठ्यानं 'खो' म्हटल्याशिवाय बसलेली पोरगी उठूच शकत नाही. हाक नियमातच आहे, चुकली की पंच पकडतो. बास्केटबॉलमध्ये हाकेचा नियम नाही. स्कोअरशीटवर पॉइंट येतात, फाउल येतात. मॅचच्या आकडेवारीत रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर येतात. न दिलेल्या हाकेला रकाना नाही. तू गप्प राहिली असतीस तर कुणालाच कळलं नसतं. मलाही नाही, कारण त्या गोंगाटात आपल्यालाच ऐकू आलं नसेल असं मी धरून चालले होते.

आणि गप्प राहायला तुला कारणही होतं. निवड तोंडावर होती. सुरुवातीच्या पाचांत पॉइंट गार्डची, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ मांडणारीची, जागा एकच, आणि तिच्यासाठी तू आणि मी. माझ्यावर ठपका बसला असता तर ती जागा तुझीच होती. पुढच्या मॅचला कोचनी तुला खरोखरच बेंचवर बसवलं. तू तिथून घसा बसेपर्यंत ओरडत होतीस, "डावीकडं स्क्रीन! मागं बघ!" मला त्या दिवशी प्रत्येक स्क्रीन कळली.

स्पर्धा म्हणजे दुसरीला पाडणं, असं मला आधीच्या टीममध्ये शिकवलं गेलं होतं. तू सरावात मला तसूभर जागा देत नाहीस, कोपर लागलं तर सॉरी म्हणून पुन्हा तितक्याच जोरात येतेस. पण सराव संपला की सांगतेस, "तुझा डावा हात कच्चा आहे, मी उद्या तिकडंच ढकलणार." स्वतःच्या जागेवर टपलेल्या पोरीला तिचं कच्चं दाखवून देणारी दुसरी खेळाडू मी तरी पाहिलेली नाही. माझा डावा हात आज चालतो तो त्यामुळं.

ताई, चांगली माणसं आपल्याकडं कमी नाहीत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी शहरात नातेवाइकांकडं शिकत होते. घामाचे कपडे धुवायला पाणी कुठून आणायचं म्हणून माझा खेळ बंद होण्याची वेळ आली होती. तेव्हा शेजारच्या काकू स्वतःच्या टाकीतली बादली द्यायच्या आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलायच्या नाहीत. अशी माणसं भेटतात म्हणून पोरी खेळत राहतात. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

बाबांना मी फोनवर तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ थांबले आणि मग म्हणाले, "त्या पोरीला घरी घेऊन ये." त्या एसटीनंतर माझ्या खेळाबद्दल ते स्वतःहून काही बोलल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा थंडीत हुरड्याला यायचंय. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचं आणि धपाट्यांचं आधीच ठरवून ठेवलंय. सुट्टीचा अर्ज मी भरलाय, तुझा तू भर.

तुझी,
तुझ्याच जागेवर टपलेली